नवे माहिती-तंत्रज्ञान समाजाला कसे घडवते: कल्पनेतला आणि प्रत्यक्षातला परिणाम कसा पारखावा

ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारेतून पहिले संदेश गेले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये तोफांची सलामी झाली, मिरवणुका निघाल्या आणि आता राष्ट्राराष्ट्रांमधील गैरसमज दूर होऊन युद्धे थांबतील, असे जबाबदार माणसांनी गंभीरपणे लिहिले. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे १६ तास लागले होते आणि काही आठवड्यांतच ती तार निकामी झाली. टिकाऊ तार पडायला १८६६ साल उजाडले. त्यानंतर चारच वर्षांनी, जुलै १८७० मध्ये, प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने एम्स येथून आलेल्या एका तारेतील मजकुराची काटछाट करून तो प्रसिद्धीला दिला आणि फ्रान्स व प्रशिया यांच्यातील युद्धाला तोंड फुटण्यास त्या मजकुराचा मोठा हातभार लागला.

तारेने जग बदललेच नाही, असा याचा अर्थ नाही. तिच्या आधारावर वृत्तसंस्थांचा व्याप वाढला आणि दूरदूरच्या बाजारांतील भाव एकमेकांशी बांधले गेले. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी गावोगावची स्थानिक वेळ सोडून ठरावीक वेळपट्टे स्वीकारले, तेव्हा घड्याळे जुळवण्याचे संकेतही तारेवरूनच गेले. हे परिणाम खोल होते, पण १८५८ च्या जल्लोषात त्यांना फारशी जागा नव्हती. टेलिफोन, नभोवाणी, संगणक, इंटरनेट आणि आताची कृत्रिम बुद्धिमत्ता या सर्वांच्या बाबतीत गाजलेला परिणाम आणि घडलेला परिणाम यांत असेच अंतर पडत आले आहे.

हे अंतर मोजण्याची एक पद्धत पुढे सांगितली आहे. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, बातमी करणारा पत्रकार, नवी संगणकप्रणाली घ्यावी की नाही यावर मत देणारा समितीचा सदस्य, किंवा आपल्यावर लादल्या जाणाऱ्या बदलाला प्रश्न विचारू पाहणारा नागरिक, या सर्वांना ती वापरता येईल. तिच्या मुळाशी असलेली भूमिका आधीच स्पष्ट करतो. तंत्रज्ञानाविषयीची कल्पना खोटी ठरली म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. कल्पनेच्या जोरावर पैसा गुंतवला जातो, कायदे बदलतात, माणसांच्या नोकऱ्या जातात किंवा निर्माण होतात. त्यामुळे कल्पनेची नोंद प्रत्यक्ष वापराइतक्याच काटेकोरपणे ठेवावी लागते आणि या दोन नोंदी एकमेकींत मिसळू न देण्याची दक्षताही घ्यावी लागते.

विषय लहान करणे आणि दावा लिहून काढणे

‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा समाजावर परिणाम’ हा विषय तपासता येत नाही, कारण त्यात तंत्रज्ञानही एक नाही आणि समाजही एक नाही. ‘रुग्णालयातील क्ष-किरण चित्रे वाचण्यासाठी वापरलेल्या प्रणालीमुळे तेथील डॉक्टरांच्या कामात काय बदल झाला’ हा विषय मात्र तपासता येतो. म्हणून सर्वांत आधी एक विशिष्ट वापर, एक विशिष्ट ठिकाण आणि त्या ठिकाणी काम करणारा किंवा सेवा घेणारा एक विशिष्ट गट निवडावा. मोठे निष्कर्ष अशा अनेक लहान अभ्यासांवरच उभे राहतात.

विषय ठरला की त्याविषयी केले जाणारे दावे गोळा करावेत आणि प्रत्येक दावा एका वाक्यात अशा रीतीने लिहावा, की तो खरा ठरला की खोटा, हे पुढे कोणालाही सांगता यावे. कोणात बदल होणार, कोणता बदल होणार, किती काळात होणार, तो कशाने मोजणार आणि कशाशी तुलना करणार, एवढे त्या वाक्यातून कळायला हवे. यांपैकी काही मूळ दाव्यात नसेल, तर ती जागा रिकामी ठेवून तशी नोंद करावी. आपल्या मनाने भरू नये. अनेक गाजलेल्या दाव्यांमध्ये यांतल्या बऱ्याच जागा रिकाम्याच सापडतात आणि तेवढ्यानेही पुष्कळसा धुरळा खाली बसतो.

काही दावे मात्र पुरेसे नेमके असतात आणि अशा दाव्यांतून शिकण्यासारखे खूप असते. १९१३ मध्ये टॉमस एडिसन यांनी एका मुलाखतीत सांगितले, की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि चलचित्रांमुळे दहा वर्षांत शिक्षणव्यवस्था पूर्णपणे बदलेल. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन या नामवंत संगणकशास्त्रज्ञांनी क्ष-किरणतज्ज्ञांचे प्रशिक्षण आताच थांबवावे असे म्हटले, कारण पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्याहून सरस काम करेल, अशी त्यांची खात्री होती. चित्रातील विकृती ओळखण्यात यंत्रांनी खरोखर मोठी मजल मारली, पण क्ष-किरणतज्ज्ञांची गरज संपली नाही. कारण चित्र वाचणे हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे. रुग्णाचा इतिहास लक्षात घेणे, इतर डॉक्टरांशी सल्लामसलत करणे, कोणती तपासणी करावी हे ठरवणे आणि अहवालाची जबाबदारी घेणे हेही त्यांचेच काम आहे. एक कार्य यंत्राला जमले म्हणजे तो व्यवसाय संपला, ही उडी दाव्यांमध्ये वारंवार आढळते. दावा लिहून काढताना ती शोधावी आणि ‘कार्य’ व ‘व्यवसाय’ हे शब्द वेगळे ठेवावेत.

बोलणारा कोण आणि त्याच्या पदरात काय पडणार

उत्साही दावा करणाऱ्याचा हितसंबंध आपण सहज ओळखतो. कंपनीला आपले उत्पादन खपवायचे असते, हे कोणालाही कळते. भीतीच्या दाव्यामागील हितसंबंधाकडे मात्र कानाडोळा होतो. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री अमेरिकेतील सीबीएस नभोवाणीवर मंगळावरून आलेल्या आक्रमकांचे नाट्य प्रसारित झाले आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी देशभर घबराट माजल्याच्या बातम्या मोठ्या मथळ्यांनी छापल्या. त्या रात्री श्रोत्यांचा मोठा भाग दुसऱ्या वाहिनीवरील लोकप्रिय कार्यक्रम ऐकत होता आणि घाबरलेल्यांची संख्या बातम्यांत रंगवली होती त्याहून पुष्कळ कमी होती, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. नभोवाणी त्या काळात वृत्तपत्रांच्या जाहिराती ओढून घेत होती. हे नवे माध्यम बेजबाबदार आहे, असे दिसण्यात वृत्तपत्रांचा फायदा होता. तरीही ती घबराट आजतागायत माध्यमांच्या ताकदीचा पुरावा म्हणून सांगितली जाते.

प्रत्येक दाव्यापुढे तो कोणी केला, त्याचा व्यवसाय काय, दावा खरा मानला गेला तर त्याला काय मिळेल आणि खोटा ठरला तर त्याचे काय जाईल, हे लिहावे. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याचे काहीच जाणार नाही, त्याचा दावा कितीही आत्मविश्वासाने केलेला असला तरी त्याला कमी वजन द्यावे. हितसंबंध सापडला म्हणून दावा आपोआप खोटा ठरत नाही, हेही तितकेच ध्यानात ठेवावे. हितसंबंधामुळे पुराव्याची मागणी तेवढी वाढते.

कल्पनेने स्वतः काय घडवले

बहुतेक अभ्यास या ठिकाणी थांबतात. दावा फुगवलेला होता, असे सिद्ध करून ते मोकळे होतात. पण फुगवलेल्या दाव्यानेही जग बदललेले असते आणि तो बदल शोधण्यासाठी वेगळे प्रश्न विचारावे लागतात: या कल्पनेवर विश्वास ठेवून कोणी पैसे गुंतवले, कोणता नियम बदलला, कोणते जुने काम बंद केले आणि ती कल्पना ओसरल्यावर मागे काय उरले?

कल्पना खरी होण्यास कल्पनाच कशी कारण ठरते, याचे उदाहरण संगणकाच्या चिपमध्ये आहे. १९६५ मध्ये चिप उद्योगातील गॉर्डन मूर यांनी एका चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल, असा अंदाज मांडला आणि १९७५ मध्ये तो सुधारून दर दोन वर्षांवर आणला. हा निसर्गाचा नियम नव्हता. पण यंत्रसामग्री बनवणारे, चिप बनवणारे आणि संगणकप्रणाली लिहिणारे या सर्वांनी आपापल्या योजना त्याच गतीवर बेतल्या, उद्योगाने सामायिक आराखडे आखले आणि मागे पडण्याच्या भीतीने प्रत्येकाने तो वेग गाठण्यासाठी पैसा ओतला. अंदाजाचे उद्दिष्ट झाले आणि उद्दिष्ट अनेक दशके पाळले गेले.

याच्या उलट उदाहरण १९९० च्या दशकाच्या अखेरचे आहे. इंटरनेटवरील माहितीची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, असे वाक्य त्या काळी वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या गोटातून पसरले आणि सर्वतोमुखी झाले. अँड्र्यू ओडलिझको हे गणितज्ञ आणि त्यांचे एक सहकारी यांनी प्रत्यक्ष आकडे तपासून ही वाढ साधारण वर्षाला दुप्पट असल्याचे दाखवले होते. वर्षाला दुप्पट म्हणजेही प्रचंड वाढ, पण शंभर दिवसांच्या हिशेबाने ती वर्षाला बारापटीच्या आसपास जाते आणि अनेक कंपन्यांनी या मोठ्या आकड्यावर भरवसा ठेवून प्रकाशतंतूंच्या तारा टाकल्या. पुढे बाजार कोसळला, जुलै २००२ मध्ये वर्ल्डकॉमने दिवाळखोरी जाहीर केली, गुंतवणूकदार बुडाले आणि कर्मचारी रस्त्यावर आले. जमिनीखालच्या तारा मात्र जागेवर राहिल्या. त्यांचा मोठा भाग अनेक वर्षे वापराविना पडून होता आणि पुढच्या काळात स्वस्त, वेगवान इंटरनेट उभे राहण्यास या शिल्लक क्षमतेची मदत झाली. दावा चुकीचा होता, नुकसान खरे होते आणि मागे उरलेली तारही खरी होती. अभ्यासात ही तिन्ही वाक्ये असली पाहिजेत. त्यांतले एखादेच सांगणे म्हणजे अर्धवट सांगणे.

कल्पना कायद्यात शिरते तेव्हा तिचा परिणाम सर्वांत कठोर होतो. त्याचे उदाहरण पुढे सविस्तर येईल.

प्रत्यक्ष वापर जवळ जाऊन पाहणे

आता दुसरी नोंद. यंत्र काय करू शकते, हे माहितीपत्रकात लिहिलेले असते; माणसे त्या यंत्राचे काय करतात, हे तेथे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी मिनिटेल नावाची, दूरध्वनीच्या तारेला जोडलेली पडदा आणि कळफलक असलेली छोटी यंत्रे सरकारी दूरध्वनी विभागाने घरोघरी फुकट वाटली, तेव्हा एक प्रमुख हेतू छापील दूरध्वनी-सूची बंद करण्याचा होता. स्ट्रासबूर्ग येथील एका प्रयोगात वापरकर्त्यांना मदत करण्यासाठी ठेवलेली संदेशसेवा लोकांनी एकमेकांशी गप्पा मारण्यासाठी वापरायला सुरुवात केली आणि पुढे अशा गप्पांच्या सेवा मिनिटेलच्या यशाचा मोठा आधार बनल्या. केनियात एम-पेसा या मोबाइलवरून पैशांचे व्यवहार करण्याच्या सेवेची पहिली चाचणी छोट्या कर्जांचे हप्ते फेडण्यासाठी झाली. लोक मात्र त्याच साधनाने एकमेकांना पैसे पाठवू लागले, आणि मार्च २००७ मध्ये ती सेवा सुरू झाली तेव्हा घरी पैसे पाठवणे हाच तिचा मुख्य उपयोग म्हणून पुढे आला. दोन्ही ठिकाणी समाजाने तंत्रज्ञान घडवले आणि मग त्या घडलेल्या तंत्रज्ञानाने समाज बदलला. ‘परिणाम’ हा शब्द एकाच दिशेने वाहणारा वाटतो, म्हणून निरीक्षण करताना या उलट्या दिशेकडे मुद्दाम लक्ष द्यावे.

निरीक्षणासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. प्रणाली वापरणाऱ्या व्यक्तीच्या परवानगीने तिच्या शेजारी काही तास बसावे आणि मधे न बोलता नोंदी घ्याव्यात. पडद्याशेजारी ठेवलेल्या कागदाकडे विशेष लक्ष द्यावे: चिकटवलेल्या चिठ्ठीवरील सांकेतिक क्रमांक, प्रणाली आल्यावरही चालू असलेली हाती लिहिलेली नोंदवही, ‘हा रकाना मोकळा सोडला तर पुढे जात नाही म्हणून शून्य टाका’ अशी सहकाऱ्याने लिहून दिलेली सूचना. त्या शून्यातून पुढे एक आकडेवारी तयार होते आणि ती वाचणाऱ्याला तो शून्य केवळ अडलेले काम पुढे ढकलण्यासाठी टाकला होता, हे कधीच कळत नाही. अशी एक चिठ्ठी सापडली तर ती शंभर पानी अहवालाइतकी मोलाची मानावी. मग काम थांबल्यावर विचारावे: हे यंत्र बंद पडले तर तुम्ही काय करता, ते चुकले असे तुम्हाला कधी वाटते, तसे वाटल्यावर कोणाला सांगता आणि सांगितल्यावर काय होते? ‘तुम्हाला ही प्रणाली आवडते का’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर बहुधा विचारणाऱ्याकडे पाहून दिले जाते.

वापरणाऱ्याच्या मनात यंत्राविषयी कोणती समजूत आहे, हेही याच वेळी लिहून घ्यावे. १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा हा संवाद साधणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचे वाक्य फिरवून त्यालाच प्रश्न म्हणून परत करणे, एवढीच त्याची मुख्य युक्ती होती. तो तयार होताना महिनोन्महिने पाहणाऱ्या त्यांच्या सचिवानेही थोडा वेळ त्याच्याशी संवाद साधल्यावर वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. यंत्र कसे चालते, हे ठाऊक असूनही माणूस त्याच्याशी माणसासारखा वागू शकतो. आजच्या संवादप्रणाली एलायझाहून कितीतरी समर्थ आहेत. म्हणून त्यांच्या अभ्यासात ‘यंत्र काय करते’ आणि ‘यंत्र काय करते असे वापरणाऱ्याला वाटते’ हे दोन वेगळे प्रश्न म्हणूनच हाताळावेत.

पडद्यामागची माणसेही शोधावीत. २००९ मध्ये जाहीर झालेल्या इमेजनेट या चित्रसंग्रहाने यंत्रांच्या चित्र ओळखण्याच्या क्षमतेला मोठी चालना दिली. त्यातील सुमारे १.४ कोटी चित्रांवर नावे लावण्याचे काम इंटरनेटवरून नेमलेल्या हजारो माणसांनी तुकड्या-तुकड्याने केले होते. आपोआप चालते, असे सांगितल्या जाणाऱ्या सेवेत चुका दुरुस्त करणारे, मजकूर गाळणारे आणि तक्रारी ऐकणारे हात कोणाचे आहेत, हे विचारल्याशिवाय रोजगारावरील परिणामाचा हिशेब पूर्ण होत नाही.

काळ किती द्यावा

वीज हे माहिती-तंत्रज्ञान नव्हे, पण काळाचा धडा तिच्याइतका कोणी दिलेला नाही. एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, तरी अमेरिकेतील कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेचा ठसा स्पष्टपणे उमटला तो १९२० च्या दशकात. सुरुवातीला मालकांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसवली आणि तिची शक्ती सर्व यंत्रांपर्यंत नेणारे छतालगतचे दांडे व पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर लावून इमारतीची आणि कामाची मांडणीच नव्याने केली, तेव्हा खरा लाभ हाती लागला. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही, असे म्हटले होते. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेचा हाच इतिहास पुढे ठेवून त्याचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला.

म्हणून पहिल्या वर्षी परिणाम दिसला नाही, एवढ्यावरून परिणाम नाहीच, असे लिहू नये. आणि दिसलेला पहिला परिणाम कायम राहील, असेही धरू नये. पैसे देणारे यंत्र (एटीएम) १९६७ मध्ये लंडनच्या एन्फील्ड भागात बसले, तेव्हापासून बँकेतील रोखपालांची गरज संपेल, असे बोलले जात होते. अमेरिकेत १९८८ ते २००४ या काळात शहरी शाखेतील रोखपालांची सरासरी संख्या सुमारे २० वरून १३ वर आली, पण शाखा चालवणे स्वस्त झाल्याने बँकांनी अधिक शाखा उघडल्या आणि रोखपालांची एकूण संख्या कमी झाली नाही. त्यानंतर मोबाइलवरील व्यवहार वाढले आणि ती संख्या घसरू लागली. १९९० मध्ये, २००४ मध्ये आणि आज वेगवेगळे निष्कर्ष निघाले असते आणि प्रत्येक निष्कर्ष त्या त्या तारखेपुरता खरा असता. निष्कर्षावर तारीख घालण्याचा आग्रह मी यासाठीच धरतो.

नुकसान कोणाच्या वाट्याला आले

सरासरी आकडा चांगला असतो तेव्हाच त्याच्या आत डोकावण्याची सर्वाधिक गरज असते. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण ०.८ टक्क्यांहून अधिक नव्हते; सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. एकत्रित आकड्यात हे दिसले नसते. तेव्हा अहवालात एकच टक्केवारी दिलेली असेल, तर ती कोणाकोणाची मिळून काढली आहे, हे विचारावे आणि वेगवेगळ्या गटांचे आकडे मागावेत.

सरासरी हीच चूक ठरल्याचेही उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात रोबोडेट या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या योजनेत, सरकारी मदत घेणाऱ्यांचे वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत समान वाटून, त्यांनी त्या काळात जास्त मदत उचलली असल्याचा निष्कर्ष काढला जाई. ज्याने सहा महिने काम केले आणि सहा महिने बेकार असताना नियमाप्रमाणे मदत घेतली, त्याचे उत्पन्न वर्षभर पसरवले की बेकारीच्या पंधरवड्यांतही तो कमावत होता, असे कागदोपत्री दिसते. अशा हिशेबावर लाखो लोकांना कर्जाच्या नोटिसा गेल्या आणि जुनी वेतनपत्रे शोधून आपण निर्दोष असल्याचे दाखवण्याचा भार त्यांच्यावर पडला. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने या योजनेवर कठोर ताशेरे ओढले.

ब्रिटनमधील टपाल खात्याच्या होरायझन प्रणालीचा इतिहास मात्र प्रत्येक अभ्यासकाने बारकाईने वाचावा, कारण त्यात कल्पना आणि वास्तव यांची गाठ कशी पडते, ते दिसते. १९९९ पासून ही हिशेबप्रणाली शाखांमध्ये बसवली गेली. शाखा चालवणारे उपटपालप्रमुख करारान्वये तुटीला जबाबदार धरले जात. पडद्यावर तूट दिसली की ती स्वतःच्या खिशातून भरायची, नाहीतर हिशेबातील फसवणुकीच्या आरोपाला सामोरे जायचे, अशी त्यांची कोंडी होई. मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्या अनेकांना ‘ही अडचण फक्त तुम्हालाच येते आहे’ असे सांगितले गेले. प्रत्यक्षात तशी अडचण असंख्य शाखांत होती. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीतील कर्मचारी दुरूनच शाखेच्या हिशेबात बदल करू शकत होते, ही गोष्ट वर्षानुवर्षे नाकारली गेली. त्यातच १९९९ मधील कायदाबदलानंतर, उलट पुरावा नसेल तर संगणक योग्य रीतीने चालत होता, असे इंग्लंडमधील न्यायालये गृहीत धरू लागली होती. उलट पुरावा होता तो कंपनीच्या नोंदींत, आणि त्या नोंदी आरोपीच्या हाती नव्हत्या. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काहींना तुरुंगवास झाला, अनेकांची घरे गेली, काहींनी जीव दिला. ५५५ जणांनी मिळून लढवलेल्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचे मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून अशा शिक्षा रद्द केल्या.

येथे संगणकातील दोष हे अर्धेच कारण होते. दोष प्रत्येक मोठ्या प्रणालीत असतात. ‘यंत्र चुकत नाही’ ही कल्पना करारात, मदतकेंद्राच्या उत्तरांत आणि न्यायालयाच्या गृहीतकात शिरली, म्हणून हिशेबातील दोषाने माणसे उद्ध्वस्त झाली. नव्या प्रणालीची तपासणी करताना म्हणूनच तिच्या अचूकतेच्या आकड्याआधी चार गोष्टी विचाराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन: आपल्याविषयी प्रणालीत काय नोंदले आहे, हे संबंधित व्यक्तीला पाहता येते काय, निर्णय चुकला असे तिला वाटल्यास तो बदलण्याचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत ती पोहोचू शकते काय, चूक सिद्ध करण्याचा भार कोणावर आहे, आणि एकाची तक्रार दुसऱ्या तक्रारदाराला कळण्याची काही सोय आहे काय. या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील, तर प्रणाली कितीही अचूक असल्याचे सांगितले जात असले तरी तिची शिफारस करू नये.

मत कधी द्यावे आणि कसे लिहावे

तंत्रज्ञान आणि समाज यांचे अभ्यासक डेव्हिड कॉलिंगरिज यांनी १९८० मध्ये एक पेच मांडला. तंत्रज्ञान नवे असते तेव्हा ते बदलणे सोपे असते, पण त्याचे परिणाम कळत नाहीत. परिणाम कळतात तोवर ते इतके रुजलेले असते की बदलणे महाग आणि अवघड होऊन बसते. या पेचातून पूर्ण सुटका नाही. पण सुरुवातीलाच मत देताना मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवता येते. करार ठरावीक मुदतीचा असावा, जुनी पद्धत काही काळ समांतर चालू ठेवावी, माहिती दुसऱ्या प्रणालीत नेता येईल अशा स्वरूपात साठवली जावी आणि कोणती गोष्ट घडल्यास प्रणाली बंद करायची, हे ती सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावे. नंतर हा निकष ठरवायला बसले, की झालेला खर्च आणि गुंतलेली प्रतिष्ठा आड येते.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक विधानाचा दर्जा ओळखू येईल अशी भाषा वापरावी. स्वतः पाहिलेले, इतरांनी मोजलेले आणि अंदाजाने म्हटलेले यांसाठी वेगवेगळी क्रियापदे योजावीत. ‘होते’ आणि ‘होऊ शकते’ यांची अदलाबदल करू नये. सुरुवातीला लिहून ठेवलेल्या प्रत्येक दाव्यापुढे आजवर काय घडले ते लिहावे, आणि त्या दाव्यावर विश्वास ठेवून जे निर्णय घेतले गेले त्यांचा उल्लेख त्याखाली स्वतंत्रपणे करावा, म्हणजे खोट्या ठरलेल्या दाव्याने केलेले खरे काम नजरेतून सुटणार नाही. ज्यांच्या शेजारी बसून नोंदी घेतल्या, त्यांना मसुदा वाचायला द्यावा. प्रणाली कशी चालते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती बहुधा सर्वांत महत्त्वाची असते. त्यांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील मात्र वगळावा, कारण प्रणालीतील चूक उघड करणाऱ्यावरच तिचे खापर फोडले जाण्याचा धोका असतो. शेवटी निरीक्षणाचा कालावधी आणि पुन्हा तपासणी करण्याची तारीख नोंदवावी, आणि ती तपासणी कोण करणार हे अहवाल सादर करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.